आण्णांचे २१० तास आणि जुना ॲम्प : काय जोडू, कसं जोडू?

तांबडापांढरा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जरा लांबड होणाराय, चहा घेऊन बसा.

आमच्या आण्णांच्या (वय ७६, सगळी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली) दीडेकशे कॅसेटी. निम्म्या विकतच्या, निम्म्या रेडिओवरनं भरलेल्या. आकाशवाणी सांगलीवर रात्री गाणं लागलं की लाल बटण दाबायचे आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास पण हळू घ्यायचा असा नियम, तरी एका कॅसेटीत माझं भोकाड पसरलेलं आलंयच. २०१९ च्या पुराचं पाणी खालच्या खोलीत शिरलं त्यात एक खोकं भिजलं, बाकीच्या १४० मी दोन वर्षं रविवारी रविवारी बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वदच मिनिटं लागतात, त्यात शॉर्टकट नाही, हे कुणी आधी सांगितलं असतं तर सुरूच केलं नसतं. एकूण २१० तास भरले.

आता प्रॉब्लेम. कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवर आण्णा ऐकायला तयार नाहीत. घरात ऐंशीच्या दशकातला देशी ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे आणि लाकडी खोक्यांचे दोन दांडगे स्पीकर, सगळं चालू. पण ॲम्पच्या मागं नेहमीची लाल-पांढरी सॉकेटं नाहीतच, पाच भोकांची गोल गोल सॉकेटं आहेत. त्यात काय घालू?

आणि आण्णांची अट : मोबाइल नको, टच नको, वायफाय बियफाय नको. "बटण दाबलं की वाजलं पाहिजे, न्हाईतर ठेव तुझ्यापाशीच." बजेट पाच हजार, त्यातले बरेचसे वाचले तर बरं.

नुस्ता_ऐकणारा | रात्री १०:३०

ब्लूटूथ रिसीव्हर घे, ॲम्पला जोड, मोबाइलवरनं लाव. हजाराच्या आत काम तमाम.

तांबडापांढरा | रात्री १०:३४

भावा मोबाइल नको म्हटलंय की वर. वाचत जा की मर्दा.

चौथी_घंटा | रात्री ११:०५

सारेगमचं कारवाँ का नाही घेत? माझ्या सासूबाई पुण्यात रोज लावतात, रेडिओसारखं दिसतं, गोल बटण फिरवायचं, गाणी आतच भरलेली असतात. ज्येष्ठ लोकांना फार सोपं पडतं.

तांबडापांढरा | रात्री ११:२१

ताई, ते आत्याकडं आहे. आण्णांनी अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले चांगलंय, पण ह्यात माझं कुठलंय. त्यांना त्यांच्याच कॅसेटीतलं पाहिजे, मधी निवेदिका बोलते ते पण पाहिजे.

लेथमशीन | रविवार, सकाळी ७:४८

ती गोल सॉकेटं म्हणजे डिन. घाबरायचं काम नाही. पाच पिना असल्या तरी नंबर ओळीनं नसतात, अर्धगोलात १-४-२-५-३ असे असतात, इथंच सगळे फसतात. मधली २ नंबर ती अर्थ (अर्थिंगची). ३ डावा चॅनेल, ५ उजवा, ह्या दोन ॲम्पच्या आत सिग्नल नेणाऱ्या. १ आणि ४ टेपवर रेकॉर्डिंग करायला बाहेर येणाऱ्या, त्याला हात लावू नको. डिन टू आरसीए (आरसीए म्हणजे ती नेहमीची लाल-पांढरी) तयार केबल मिळते पण कुठली वायर कुठं गेलीय ते मल्टीमीटरनं बघून घे, काही केबलीत १-४ ला जोडलेलं असतं मग आवाज येत नाही आणि माणूस ॲम्प खोलून बसतो.

फोनो लिहिलेल्या सॉकेटात चुकून घालू नको. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतनं येणाऱ्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी असतं, वर बास वाढवायची आणि तार (ट्रेबल) दाबायची सोय आतच असते. तिथं डिजिटल काही जोडलंस तर स्पीकरातनं रेडा ओरडल्यागत येईल.

तिसरं, आत्ताच्या डॅकमधनं (डिजिटल फायलीचा आवाज करणारं सर्किट) पूर्ण आवाजाला २ व्होल्ट निघतात, हे जुने ॲम्प काहीशे मिलिव्होल्टवर खूश असतात. मग होतं काय, व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं की घर हादरतं, आणि त्या बटणाच्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा सारखा पण नसतो. उपाय पाच रुपयाचा : प्रत्येक चॅनेलला १० केचा (किलो-ओहम) रेझिस्टर सिरीजमध्ये, त्याच्या पुढं २.२ केचा अर्थला. २ व्होल्टचे साधारण ०.३६ होतात.

मारवा | सकाळी ९:१५

जोडणीचं लेथमशीन बघून घेतीलच. मला दुसरीच काळजी आहे. उतरवलंत कशात? एमपी३ मध्ये असेल (त्यात जागा वाचवायला आवाजातलं काही कायमचं गाळतात) तर पुन्हा उतरवा असं सांगायला जीवावर येतंय.

तांबडापांढरा | सकाळी ९:४०

नाही नाही, सगळं वेव्ह. १६ बिट ४४.१, म्हणजे सीडीएवढं. एकूण १३३ जीबी झालंय.

मारवा | सकाळी ९:५२

हुश्श. मग सगळं फ्लॅक करून ठेवा. एकही बिट जात नाही आणि जागा साधारण निम्म्यावर येते. शिवाय वेव्हमध्ये गायक, राग, तारीख नीट लिहून ठेवता येत नाही, फ्लॅकमध्ये मराठीतनं सगळं लिहिता येतं. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक दुसऱ्याच्या घरी. पूर एकदा बघितलाय तुम्ही.

नुस्ता_ऐकणारा | सकाळी १०:०३

मीडियम वेव्हवरनं टेपवर भरलेलं आणि फ्लॅक? तांबडा रस्सा चांदीच्या वाटीत वाढल्यासारखं झालं हे. रस्सा तोच.

लेथमशीन | सकाळी १०:३०

ऐकण्यापुरतं तुझं बरोबर आहे. मीडियम वेव्हवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली, त्यामुळं साध्या रेडिओतनं साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येतच नाही. सीडी २० पर्यंत जाते. म्हणजे आण्णांच्या रेडिओवाल्या कॅसेटीत वरचं जे काय आहे ती टेपची खरखर आहे.

पण गंमत बघ. एमपी३ ला ती खरखरच जड जाते. सूर सरळ असतो, तो कमी जागेत बसतो, खरखर कशीही असते, तिला जागा लागते. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी डेटा दिला की) ती पाण्यात बुडबुडे आल्यागत होते, ते फार वाईट वाटतं कानाला. म्हणून जपून ठेवायला मारवाताई म्हणतात तसं फ्लॅक, आणि ऐकायला त्यातनंच एमपी३. रेडिओवाल्या मोनोच (एकच चॅनेल) करायच्या, मोनो १२८ केबीपीएस म्हणजे प्रत्येक चॅनेलला स्टिरिओ २५६ एवढी जागा मिळते.

मारवा | सकाळी १०:४४

चांदीची वाटी सांभाळायला लागते, रस्सा पुन्हा करता येतो. इथं रस्सा पुन्हा करता येत नाही, एवढंच.

शून्य_एक | दुपारी १:२०

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घे!! वर डॅकचा हॅट (वर बसणारं छोटं बोर्ड) लाव, पायच्या स्वतःच्या हेडफोन जॅकात सरसर येते म्हणून तो वापरू नको. त्यावर एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम चालव किंवा सरळ व्होल्युमिओ ही तयार सिस्टिम टाक, फ्लॅक डायरेक्ट वाजतं, हार्ड डिस्क यूएसबीला. मोबाइल नको असेल तर यूएसबीचा नंबर कीपॅड लाव, १ दाबलं की पहिली प्लेलिस्ट, २ दाबलं की दुसरी, छोटी स्क्रिप्ट मी लिहून देतो. आण्णा खूश.

तांबडापांढरा | पुढचा शनिवार, रात्री ९:१०

रिपोर्ट देतोय.

केबल मिळाली. लेथमशीन यांनी सांगितलं तसं मीटरनं बघितलं तर खरंच १-४ ला होती, कापून ३-५ ला केली. पहिल्यांदा लॅपटॉप जोडून बघितला. आवाज आला, पण बरोबर घुंऽऽ असा एक सूर, आई म्हणाली गिरणी घातलीय का घरात.

लेथमशीन | रात्री ९:२५

लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालव, घुंई गेली का बघ.

तांबडापांढरा | रात्री ९:३३

गेली!! हे काय गारुड?

लेथमशीन | रात्री ९:४१

अर्थ लूप. चार्जरच्या तिसऱ्या पिनेतनं एक अर्थ, ॲम्पकडनं किंवा केबल टीव्हीच्या वायरीतनं दुसरी, दोघांत जरासा करंट फिरतो आणि तो ५० हर्ट्झचा, म्हणून घुंई. दोन्ही एकाच बोर्डवर लाव, नाहीतर मधे आयसोलेटर (दोघांच्या अर्थचा संबंध तोडणारी डबी). आणि हात जोडून सांगतो, तिसरी पिन मोडायची नाही. लोकं मोडतात आणि मग ॲम्पच्या पत्र्याला झिणझिण्या येतात म्हणून मलाच फोन करतात.

तांबडापांढरा | दोन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:०२

पाय पुराण.

भाच्याचा पाय पडून होता तो आणला, डॅक घेतला, शून्य_एक भावानं रात्री दीडला जागून स्क्रिप्ट दिली (खरंच आभारी आहे, मिसळ लागू). आवाज म्हणाल तर नाद खुळा. आण्णा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले तबल्याची चाट ऐकू यायलीय. एवढं म्हणजे आमच्याकडं फार झालं.

पण. सकाळी आण्णांनी बटण दाबलं, पाय चालू व्हायला लागतं पाऊण मिनिट. तेवढ्यात त्यांनी परत बटण दाबलं, मग परत. मग मला हाक. दुसऱ्या दिवशी कीपॅडवर ४ दाबलं, चौथी प्लेलिस्ट कुठली ते आठवेना, कागद चिकटवला तो चष्म्याशिवाय दिसेना. म्हणाले, "कॅसेटी १४० आणि बटणं नऊ, हा कुठला हिशोब." बुधवारी लाइट गेली, आली, पाय चालूच होईना, त्यातलं मेमरी कार्ड खराब.

शून्य_एक | सायंकाळी ६:२०

अरे लाइट जाणार हे मी धरलंच नव्हतं 🤦 पायकोअरप्लेअर (पायसाठीची दुसरी सिस्टिम) टाक, तो सगळा रॅममध्ये चालतो, कार्डवर चालू असताना काही लिहीत नाही. अचानक बंद झाला तरी बिघडत नाही. पाऊण मिनिटाचं मात्र काय करता येणार नाही, बंदच करू नका, चालूच ठेवा की दिवसभर.

तांबडापांढरा | सायंकाळी ६:३१

खोलीतनं बाहेर पडताना बटण बंद हा आण्णांचा नियम १९७५ पासनंचा आहे. तो बदलायची छाती माझी नाही.

मारवा | रात्री ८:१०

आवाजाबद्दल आण्णा अजून काही म्हणाले का? जुन्या श्रोत्यांचं नीट ऐकून घ्या. आमच्याकडं देवल क्लबात (कोल्हापुरातली जुनी गाण्याची संस्था) पहिल्या रांगेत बसणारे एक आजोबा होते, तंबोरा लागला की गवयाआधी हेच मान हलवायचे.

तांबडापांढरा | रात्री ८:४०

ताई तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मी लिहिणारच नव्हतो. एक कॅसेट लावली तर लगेच म्हणाले, हा माणूस काळी एक पट्टीत गायचा, हे पांढरी दोन वाजालंय. मी म्हटलं आण्णा चाळीस वर्षांनी कसं काय आठवतंय तुम्हाला. म्हणाले आठवायचं काय त्यात.

लेथमशीन | रात्री ९:००

आण्णांना दंडवत. ज्या डेकवर उतरवलंस त्याची मोटर जोरात पळत होती. काळी एक ते पांढरी दोन म्हणजे अर्धा स्वर, म्हणजे वेग साधारण ६ टक्क्यांनी जास्त. तपासायचा एक मार्ग आहे. जुन्या रेकॉर्डिंगमधे विजेची बारीक घुंई असतेच, गाणं थांबलं असेल तिथला तुकडा ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचा प्रोग्राम) घे आणि प्लॉट स्पेक्ट्रम बघ. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, तो टोकदार उंचवटा ५० ला पाहिजे. ५३ ला दिसला तर आण्णा बरोबर. मग चेंज स्पीड कर (नव्या ऑडॅसिटीत चेंज स्पीड अँड पिच). नुसतं चेंज पिच किंवा चेंज टेम्पो नाही, ते दुसरंच काहीतरी करतात.

तांबडापांढरा | रात्री १०:५५

५३. 🙏

ज्या घुंईला शिव्या घातल्या तिच्यावरच सगळं उघडं पडलं. त्या डेकवर ३१ कॅसेटी उतरवल्यात, सगळ्यांचं करायला लागणार. नशीब फ्लॅक ठेवलेत.

नुस्ता_ऐकणारा | सोमवार, सकाळी ८:२०

मी गप बसणार होतो पण राहवत नाही. रिक्षात, भजनी मंडळाच्या ॲम्पात, पानपट्टीत जे एमपी३ पॅनेल असतं ना, पुढं यूएसबीचं तोंड, छोटा डिस्प्ले, चार बटणं, एक रिमोट, ते घे. दोन-अडीचशेला मिळतं. ५ व्होल्टवर चालतं. बटण दाबलं की तीन सेकंदात वाजतं. लाइट जाऊ दे नाहीतर येऊ दे, त्याला फरक पडत नाही.

शून्य_एक | सकाळी ८:४१

त्यातला डॅक कसला असतो माहितेय का? फ्लॅक पण धड वाचत नाही ते.

नुस्ता_ऐकणारा | सकाळी ८:४५

आण्णांना फ्लॅक म्हणजे काय माहितेय का?

लेथमशीन | सकाळी ९:३०

दोघं पण बरोबर. पॅनेल घेतलंस तर एवढं कर : त्याला मोबाइलचा जुनाट स्वस्त चार्जर लावू नको, त्याची शिट्टी ऐकू येते. बरा ॲडॅप्टर घे. पेन ड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट कर, ही पॅनेलं बहुतेक तेवढंच वाचतात. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, म्हणून ३२ चेच घे. आणि सगळ्या फायलींचा आवाज एमपी३गेननं एका पातळीवर आण, तो फायलीतच बदल करतो, दीड-दीड डेसिबलच्या पायरीनं, क्वालिटी जात नाही. बाकीचे प्रकार नुसती चिठ्ठी लिहून ठेवतात, ती चिठ्ठी हे पॅनेल वाचणार नाही.

तांबडापांढरा | पुढचा रविवार, दुपारी १२:१५

पॅनेल आणलं, लाकडी पट्टीत बसवलं, (पट्टी आण्णांनीच कापली, मी कापलेली वाकडी होती म्हणे). चालू. तीन सेकंद. आण्णांनी स्वतः चार वेळा चालू-बंद करून बघितलं.

एक भानगड : कॅसेटीची बी बाजू आधी वाजते आणि ए नंतर. नावं ०१, ०२ अशी दिलीयत तरी. विलंबित गेलं कुठं, द्रुतच सुरू झालंय, असं आतनं ओरडले.

शून्य_एक | दुपारी १२:३०

ही माझी फील्ड 😄 ते पॅनेल नावं बघतच नाही. पेन ड्राइव्हवर ज्या क्रमानं कॉपी झालं, फॅटच्या तक्त्यात ज्या ओळीनं नोंद आहे, त्याच ओळीनं वाजवतं. कॉम्प्युटरवर आपल्याला नावाप्रमाणं लावून दाखवतात म्हणून आपला गैरसमज होतो. फॅटसॉर्ट म्हणून प्रोग्राम आहे, तो तक्ताच नावाच्या क्रमानं लावून देतो. एकदा चालव. नवीन काही कॉपी केलं की परत चालव.

तांबडापांढरा | दुपारी १:०५

झालं. ए नंतर बी. भावा तू देवमाणूस.

चौथी_घंटा | दुपारी ३:३०

पण १४० कॅसेटी एका पेन ड्राइव्हवर, मग हवी ती कशी शोधतात? रिमोटनं पुढे-पुढे करत?

तांबडापांढरा | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४८

ताई तुम्ही नेमकं धरलंत. दोन दिवस तेच केलं, पुढं-पुढं-पुढं. डिस्प्लेवर मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतात, इंग्रजीत केली तरी अक्षर मुंगीएवढं.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी विचारलं, ह्या काड्या (पेन ड्राइव्ह) केवढ्याला मिळतात. म्हटलं साडेतीनशेच्या आसपास. म्हणाले पाच-सहा आण. आणल्या. मग बसून सांगितलं कुठल्या काडीत काय : एकीत फक्त किशोरीताई, एकीत नाट्यसंगीत, एकीत सांगली रेडिओ सकाळ, एकीत सांगली रेडिओ रात्र, एकीत भजनं, एक आईची. प्रत्येक काडीत दहा-पंधरा कॅसेटीच, जास्त नाही, जागा रिकामी राहिली तर राहू दे म्हणाले. आणि कॅसेटींची रिकामी प्लास्टिकची कव्हरं होतीच, त्यात आतनं स्पंज कापून काडीएवढी खाच केली, बाहेरनं जुनाच कागद, त्यांच्याच अक्षरात नाव. कपाटात कॅसेटी होत्या त्याच फळीवर उभ्या लावल्यात.

आता सकाळी उठलं की फळीवरनं कव्हर काढायचं, उघडायचं, काडी घालायची, बटण. मला हाक मारून आठवडा झाला. जरा चुकल्यासारखं वाटालंय.

शून्य_एक | रात्री १०:०२

म्हणजे माझी स्क्रिप्ट वाया.

तांबडापांढरा | रात्री १०:०६

पाय माझ्या खोलीत आहे, पायकोअर टाकून, रात्री मी फ्लॅक ऐकतो. स्क्रिप्ट चालू आहे. मिसळ कधी ते सांग.

लेथमशीन | रात्री १०:२०

पॅनेलच्या तोंडात सारखी काडी घालून-काढून ते तोंड ढिलं होणार, सहा महिने धर. आत्ताच एक वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून टाक, झिजली तर ती झिजेल, पन्नास-शंभरात नवीन येते.

मारवा | सोमवार, सकाळी ७:३०

वर वाचताना एक राहून गेलं. पुरात भिजलेलं खोकं टाकून दिलंत का?

तांबडापांढरा | सकाळी ७:५८

नाही, माळ्यावर आहे. वीस-बावीस असतील. चिखल वाळलाय, काहींना बुरशी आहे. चालणार थोडंच.

मारवा | सकाळी ८:२०

तशाच डेकमध्ये घालून बघू नका, टेप तुटेल आणि डेकही जाईल. उन्हात ठेवू नका, ड्रायर तर नाहीच. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर खोलता येते, आतल्या दोन चकत्या टेपसकट उचलायच्या, डिस्टिल्ड पाण्यात अलगद धुवायच्या, सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवायच्या आणि दुसऱ्या चांगल्या कॅसेटीच्या सांगाड्यात बसवायच्या. वाजवून बघताना आधी कमी महत्त्वाची घ्या. एकदाच वाजेल असं धरून पहिल्याच वेळेला रेकॉर्डिंग चालू ठेवा. सगळ्या येणार नाहीत, पण काही येतात. बुरशीचं काम तोंडाला फडकं बांधून करा.

तांबडापांढरा | सकाळी ९:१२

हे मोठ्यानं वाचलं ती चूक झाली. आण्णा शिडी लावून माळ्यावर चढलेत, खालनं आई ओरडतीय, आणि मला सांगितलंय की घड्याळाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये, तुझ्यातला जाडाय.